मला एकदाच जाळा

मी, यशोदाबाई जोतिराम पोवार, वय ७४, पूर्वीचा धंदा विडीकाम, राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. गुडघे कामातून गेलेत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत. मला कुणी धमकावलेलं नाही, भरीला घातलेलं नाही. नशा म्हणाल तर सकाळी मिश्री लावते, तेवढीच. मी चिडलेली मात्र आहे. चिडून लिहिलेलं कायद्याला चालतं का, असं मी वकील अभिनंदन चौगुले यांना विचारलं. ते म्हणाले, "चालतं मावशी, पण थोडक्यात लिहा."

थोडक्यात जमणार नाही.

शाळेचं तोंड मी फारसं पाहिलं नाही. अक्षरं ओळखायला शिकले ती तंबाखूच्या पुड्यांच्या कागदांवर, पुढं मुलांच्या पुस्तकांतून, त्याच्या पुढं वाचनालयातून. तेव्हा यात लिहिण्याची चूक सापडली तर ती माझी समजावी. खोटं सापडलं तर समोर येऊन दाखवावं.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच शेवटचं.

कलम १. माझे वारस

माझे पती जोतिराम नऊ वर्षांपूर्वी वारले. ते तंबाखूच्या वखारीत हमाल होते. आयुष्यभर खोकले, पण माझ्यासमोर कधी खोटं बोलले नाहीत. मला दोन मुलं. थोरला नागराज, बेळगावात असतो, बांधकामाची कंत्राटं घेतो. धाकटी सुवर्णा, कर्नाटकाच्या एसटीत कंडक्टर आहे आणि माझ्याजवळ राहते. मी गेल्यावर कागद नसेल तर कायद्याने दोघांना निम्मं-निम्मं मिळेल, असं वकिलांनी सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवावं. शेवटी त्याचं काम पडणार आहे.

कलम २. घर

निपाणीतलं माझं राहतं घर, खालच्या दोन खोल्या, वरची पत्र्याची खोली आणि मागची मोरी, हे जोतिरामांच्या हमालीतून आणि माझ्या विड्यांतून उभं राहिलं, आणि कागद माझ्या एकटीच्या नावावर आहे. वाडवडिलांचं यात काही नाही. वाडवडिलांचं आम्हाला काही मिळालंच नाही, ते का, हे पुढं येतं आहे.

हे घर मी पूर्णपणे माझी मुलगी सुवर्णा हिला देते. नागराजला यातली वीटही देत नाही. लोक म्हणतील, पोटच्या पोराला तोडलं. म्हणून कारण लिहिते.

कलम ३. कारण

नागोजी तरळे हे माझे आईकडचे आजोबा. उचगावच्या अंगाला आमची वाडी. आजोबा लष्करात आचारी होते. शिपाई नव्हते. त्यांनी बंदूक धरली नाही, आमटीचा डाव धरला. महायुद्धात सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांनी लढणाऱ्यांबरोबर रांधणाऱ्यांनाही कैद केलं. घरी कागद आला : बेपत्ता.

१९४४ साली त्यांच्या भावांनी गवताचा माणूस केला. आमच्यात रीत आहे. माणूस परमुलखात नाहीसा झाला आणि देह मिळाला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, म्हणजे जीव अडकून राहत नाही. रीतीला मी नावं ठेवत नाही. पण भावांना जिवाची घाई नव्हती, जमिनीची होती. आजोबांना मुलगा नव्हता. एकच मुलगी, माझी आई. पुतळा जळला, माझी आजी बायाक्का हिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि वाटा भावांकडं गेला. आजी म्हणायची, "त्येच्याच बांधाचं गवात कापून आणलं आन् त्येच्याच नावानं जाळलं."

पुढच्या वर्षी लढाई संपली. मार्गशीर्षात बेळगावच्या बाजारात एका परतलेल्या शिपायाने आजीला सांगितलं की कैदेतून सुटलेली माणसं मद्रासकडून आगगाडीने यायला लागली आहेत. लोंढ्याला गाडी इंजिनाच्या पाण्यासाठी थांबते तेव्हा ती फलाटावर उतरतात. बेळगावात मात्र त्यांना ट्रकात घालून थेट छावणीत नेतात, बायाबापड्यांना जवळ येऊ देत नाहीत. आजीने थोरल्या दिराकडं गाडीभाडं मागितलं. दीर म्हणाला, "मेल्याला आणाय निघालीस व्हय? मग मसणात जा की. जवळ हाय."

ती चालत निघाली. वाडीच्या वेशीपासून बेळगाव, तिथून रुळाच्या कडेकडेने देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा. बरोबर पितळी तांब्या आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. खानापूरला मलप्रभेच्या घाटावर तिने पायाचे फोड धुतले आणि तिथल्या देवाच्या पायावरचं कुंकू बोटाने उचलून स्वतःच्या कपाळाला लावलं. नवरा जिवंत आहे की नाही, याचा तेव्हा तिला काही पत्ता नव्हता. घाटावरची एक बाई म्हणाली, "अगं, हातात काकण न्हाय आन् कपाळाला कुंकू? कुणाच्या नावाचं?"

आजी म्हणाली, "तेच इचाराय निघालोय. परत येताना सांगतो."

लोंढ्याला फलाटाच्या टोकाला नळ होता, त्याच्याजवळ ती बसून राहिली. गाडी आली की तांब्याने पाणी पाजायचं आणि विचारायचं, "उचगावच्या बाजूचं कोण हाय का?" गुंजीच्या एका बाईने तिला जेवू घातलं, म्हणून ती टिकली. मग एका सकाळी नुसता हाडांचा सापळा उरलेला एक माणूस गाडीतून उतरला, नळापाशी आला, ओंजळ पुढं केली, पाणी प्याला आणि वर न बघताच म्हणाला, "भाकरी हाय काय गं?"

आजीने आवाज ओळखला. म्हणाली, "मेल्या माणसाला कसली भाकरी?"

"मेलो? कवा?"

"आधी खा. मग सांगतो."

त्याने भाकरी खाल्ली. तिने त्याला त्याच नळाखाली, सगळ्या फलाटादेखत, आंघोळ घातली. येताना घाटावरच्या बाईला ती शोधत होती, पण ती भेटली नाही, याचं तिला मरेपर्यंत वाईट वाटलं.

वाडीच्या वेशीवर भावांनी दोघांना अडवलं. त्यालाही रीत होतीच. ज्याचे दिवस घातले तो माणूस परत आला, तर त्याला नव्याने जन्म घ्यावा लागतो. रांजणात बसवून बाहेर काढायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तोवर तो मेलेलाच. आजोबा म्हणाले, "रांजण आणा, बसतो." भाऊ म्हणाले, "मुहूर्त बघाय पायजे." त्या वर्षी अधिक महिना निघाला. पुढच्या वर्षी सुतक. त्याच्या पुढं गुरूचा अस्त. तेरा वर्षं त्या घराला मुहूर्त सापडला नाही. मुहूर्त नाही म्हणून जन्म नाही, जन्म नाही म्हणून वाटा नाही.

वेशीच्या बाहेर झोपडी घालून दोघं राहिली. आजोबा परगावच्या लग्नांत रांधायला जात. आमच्या वाडीत मेलेल्याच्या हातचं कुणी खाल्लं नाही. माझी आई मला जन्म देऊन गेली आणि मी त्या झोपडीत वाढले. आजोबा मला मांडीवर घेऊन भात कालवायचे. भाताच्या पातेल्यातलं एक शीतही वाया गेलेलं त्यांना खपायचं नाही. कैदेतलं ते काही सांगत नसत. मी विचारलं की म्हणत, "तिथं रांधाय काय नव्हतं बाळ. तेच लई जड गेलं."

१९५८ साली ते वारले. आजीने भावकीला निरोप धाडला. उलट निरोप आला : "त्याला एकदा जाळलंय. दुसऱ्यांदा कसा जाळायचा?"

अग्नी आजीने दिला. मी सात वर्षांची होते, तिच्या पदराला धरून उभी होते. ती म्हणाली, "बघून ठेव. गवताचा माणूस भडकन् पेटतोय आन् इझतोय. खरा माणूस येळ लावतोय."

पुढच्या मार्गशीर्षात ती मला घेऊन वेशीपासून लोंढ्यापर्यंत चालली. नंतर दरवर्षी. ती थकल्यावर जोतिराम माझ्याबरोबर चालले. खानापूरला कपाळाला कुंकू लावायचं, लोंढ्याला पोचून गाडीतल्या लोकांना पाणी द्यायचं, आणि आजोबांचं नाव घेऊन त्या नळाखाली एक तांब्या ओतायचा. आजी म्हणायची, "ह्यो नळ म्हंजे त्येचं बारसं. भावकीला मुहूर्त घावला न्हाय, मला घावला." जोतिराम गेल्यावर मी विधवा म्हणून कुंकू लावायचं थांबवेन असं लोकांना वाटलं. मी थांबवलं नाही. ते कुंकू माझ्या नवऱ्याच्या नावाचं कधीच नव्हतं.

कलम ४. मष्णू तरळे आणि समिती

त्या थोरल्या दिराचा नातू मष्णू तरळे, नात्याने माझा भाऊ. साठ वर्षं त्या घरातल्या कुणी आजोबांचं नाव काढलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना आपल्या घराण्यात एक वीर सापडला. स्मारक समिती झाली, मष्णू अध्यक्ष झाला. वेशीवर कमान बांधायची ठरली, म्हणजे ज्या जागी आजोबांना अडवलं होतं बरोबर तिथंच. फ्लेक्सवर आजोबांना पिळदार मिशा आणि हातात रायफल. आजोबांना मिशा नव्हत्या. चुलीपुढं पेट घेतात म्हणून ते ठेवत नसत. खाली मोठ्या अक्षरात : वीरमरण १९४४.

१९४४ का? कारण १९४५ म्हटलं तर माणूस परत आला असं होतं, आणि माणूस परत आला तर त्याचा वाटा कुठं गेला, हा प्रश्न कमानीवर कोरला जातो. शहीद परवडतो. परत आलेला परवडत नाही.

त्या कमानीचं कंत्राट नागराजने घेतलं.

या मार्गशीर्षात माझ्या चालण्यात समिती घुसली. पुढं पिकअपवर कर्णे, मागं एकसारखे टी-शर्ट, बाटलीतलं पाणी, नाव 'शौर्य पदयात्रा'. खानापूरला घाटावर सभा घेतली आणि तिथूनच सगळे गाड्यांत बसून परत फिरले. लोंढ्याला कुणी आलं नाही. शहिदाचं लोंढ्याला काय काम? सभेत मष्णू माइकवर म्हणाला, "आमच्या आजोबांनी चव्वेचाळीस साली रणांगणावर देह ठेवला." मी खालून ओरडले, "अरं, त्या मेलेल्या माणसाच्या मांडीवर मी बसलेय!" तेवढ्यात कर्ण्यावर गाणं सुरू झालं.

नागराज माझा दंड धरून म्हणाला, "आई, खाली बस. लोक बघायल्यात."

"बघू देत की. बघायलाच आलेत न्हवं?"

"आचारी म्हटलं तर कोण येतंय गं? मोठं होतंय तर होऊ दे की त्यांचं नाव."

"नाव मोठं करायला माणूस मारायचा व्हय रं? त्यांनी एकदा मारला, तू दुसऱ्यांदा मारायलास. वर कंत्राट घेऊन."

तो तोंड फिरवून गेला. मी आणि विडीकामातली माझी जोडीदारीण गुणाबाई पुढं चाललो. गुंजीच्या पुढं माझे गुडघे उठेनात, तेव्हा गुणाबाईने एका दुधाच्या टेम्पोला हात केला. लोंढ्याचा नळ गाठला. म्हणून हा कागद. माझ्या पायांचा आता भरवसा नाही आणि येत्या जानेवारीत ती कमान उघडणार आहे. मी मेले की १९४४ खरं होईल. ते मला होऊ द्यायचं नाही.

कलम ५. घराबरोबरची अट

सुवर्णा, घर तुझं. त्याबरोबर चालणंही तुझं. दर मार्गशीर्षात वाडीच्या वेशीपासून लोंढ्यापर्यंत. तू म्हणालीस, "आई, आता बायकांना बस फुकट हाय गं, कशाला पाय झिजवतीस?" तुझी नोकरी मला माहीत आहे, रजा मिळत नाही तेही माहीत आहे. खानापूरपर्यंत बसने जा, हरकत नाही. खानापूर ते लोंढा मात्र पायी. कमानीखालून जाऊ नकोस, बाजूच्या बांधावरून जा. घाटावर कुंकू लाव. लोंढ्याला गाडी थांबली की पाणी दे आणि विचार, "उचगावच्या बाजूचं कोण हाय का?" लोक खिडकीतून विचारतील, "कितीला?" रागावू नकोस. आणि कुणीही ऐकायला थांबलं तर सगळं सांग. डाव सांग, रांजण सांग, मुहूर्त सांग. रायफल सांगू नकोस.

वकील म्हणतात अशी अट कोर्टात टिकणार नाही. कोर्टासाठी घातलेली नाही.

कलम ६. बाकीचं

आजीचा पितळी तांब्या सुवर्णाला. पोचा पडला आहे, तो ठोकून सरळ करू नये.

आजोबांचा डाव सुवर्णाच्या स्वयंपाकघरात वापरात राहावा. समितीने मागितला तर देऊ नये. काचेच्या पेटीत ठेवायची ती वस्तू नाही.

विडीची कात्री, सूप आणि पानं कापायचा पत्रा गुणाबाईला. आम्ही तीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलो. तिने माझ्यापेक्षा जास्त विड्या वळल्या आणि माझ्यापेक्षा कमी बडबड केली. माझी पुस्तकंही तिला. तिला वाचता येत नाही, पण तिची सून वाचून दाखवेल असं म्हणाली आहे. मी विचारून घेतलं आहे.

सोन्याच्या दोन पाटल्या मोडून माझे दिवस घालावेत. उरेल ते सुवर्णाचं.

पोस्टात ठेवलेल्या पैशांच्या व्याजातून, पैसे पुरतील तोवर, दर पाडव्याला एक नवं पंचांग विकत घेऊन मष्णू तरळे यांच्या घरी पोचतं करावं. रजिस्टर पोस्टाने, सही घेऊन. त्यांच्या घराण्याला तेरा वर्षं मुहूर्त सापडला नव्हता. अजून शोधत असतील तर उपयोगी पडेल. आत पहिल्या पानावर एवढंच लिहावं : नागोजी तरळे, आचारी, यांच्या बारशासाठी.

कलम ७. माझा देह

मला निपाणीतच जाळावं. अग्नी सुवर्णाने द्यावा. आमच्या घरात बाईने अग्नी दिला आहे, नवीन काही नाही. राख खानापूरला मलप्रभेत सोडावी. माझ्या नावाने दगड, फलक, फ्लेक्स काही करू नये. आणि मला एकदाच जाळावं, तेही मी मेल्यावर.

कलम ८. साक्षीदार

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक वकील अभिनंदन चौगुले. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष घालू नये, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे सुवर्णा नाही, गुणाबाई नाही. ज्याला काहीच मिळत नाही असा माझ्या घरात एकच माणूस आहे.

दुसरा साक्षीदार माझा मुलगा नागराज.

वकील खुर्चीवरून उठलेच. "मावशी, त्यानं सही केली नाही तर हा कागद रद्दी. मग त्याला निम्मं घर मिळतंय. सही केली तर काहीच नाही. कोण करेल सही? दुसरा कुणी बघू. मी माझ्या कारकुनाला बोलावतो." मी नको म्हटलं.

नागराज, तुझं नाव मी आजोबांच्या नावावरून ठेवलं, नागोजीचा नागराज. पाच वर्षांचा असताना तू माझ्या खांद्यावर बसून लोंढ्याला आलास. नळाखाली तांब्या तू ओतलास आणि विचारलंस, "पणजोबा आता जन्मलं काय?" तुला सगळं ठाऊक आहे. गावात कुणाला ठाऊक नसेल एवढं तुला ठाऊक आहे. म्हणून मला राग मष्णूचा कमी आहे आणि तुझा जास्त. मष्णू आजाकडून आलेलं खोटं बोलतो. तू माझ्याकडून आलेलं खरं गिळतोस.

वकील हा कागद तुझ्यासमोर वाचतील. पहिल्या ओळीपासून. मी काही बोलणार नाही. सही केलीस तर घर जाईल, आणि ते परत आले होते याला तुझ्या हाताची साक्ष राहील. नाही केलीस तर निम्मं घर तुझं, आणि जन्मभर वरच्या खोलीत झोपताना तुला माहीत असेल ते कशाचं आलं. तुझ्या जागी मी दुसऱ्या कुणाची सही घेणार नाही. जागा कोरी राहिली तर कोरीच राहू द्यावी.

एवढं लिहून, वाचून, समजून मी माझी सही करत आहे. अंगठा नाही. सही.

लिहून देणार :
यशोदाबाई जोतिराम पोवार

स्थळ : निपाणी
दिनांक : ९ डिसेंबर २०२५

साक्षीदार
आमच्यासमोर सही झाली.

१. अभिनंदन चौगुले, वकील, निपाणी (सही)

२. नागराज जोतिराम पोवार, बेळगाव (सही)
मी पूर्ण ऐकलं. मष्णूमामांविषयीची भाषा मला पटलेली नाही, आणि पंचांगाचं कलम काढावं असं मी आईला म्हटलं, तिने ऐकलं नाही. माझे पणजोबा नागोजी तरळे, आचारी, १९४५ साली लोंढ्याला उतरले आणि १९५८ साली वारले. हे मला लहानपणापासून माहीत आहे.